धुळीचे मूळ गाव

(दर्यापूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२२ चा गुढीपाडवा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. २ एप्रिलच्या त्या संध्याकाळी पेटत्या तुकड्यांची एक रांग विदर्भाच्या आभाळातून सावकाश सरकत गेली. अंगणात, गच्चीवर, वावरात जो होता तो मान वर करून पाहत राहिला. कुणी उल्का म्हटले, कुणी शेंडेनक्षत्र, तर कुणाला विमान कोसळते आहे असे वाटले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे आभाळातून येऊन पडले. पुढे अभ्यासकांनी कक्षेचा हिशेब मांडला, वस्तूची घडण पाहिली आणि हे चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचा निष्कर्ष काढला.

वरून काही पडले की पहिला प्रश्न हाच येतो, हे आले कुठून? त्या कड्याच्या बाबतीत उत्तर लवकर मिळाले, कारण वस्तू हातात होती आणि तिच्याशी ताडून पाहायला ओळखीच्या वस्तूही होत्या. मी आज ज्या पाहुण्याबद्दल बोलणार आहे, तो रोज येतो, दिवसरात्र येतो, तुमच्या पऱ्हाटीवर पडतो, कौलांवर पडतो, आणि तरी दिसत नाही. तो म्हणजे अवकाशातली धूळ. या धुळीतला कोणता कण धूमकेतूचा आणि कोणता लघुग्रहाचा, हे ठरवण्यासाठी गेली पन्नास वर्षे जे काम चालले आहे, ते विज्ञानातल्या सर्वांत प्रामाणिक कामांपैकी एक आहे, असे मी मानतो.

आधी ही धूळ किती पडते ते पाहू. अंटार्क्टिकाच्या मधोमध कॉन्कॉर्डिया नावाचे फ्रान्स आणि इटलीचे संशोधन केंद्र आहे. तिथे बर्फ फार थोडा पडतो आणि जवळपास ना शेत, ना कारखाना, ना रस्ता. फ्रेंच शास्त्रज्ञांनी वीस वर्षांच्या काळात अनेक मोहिमा काढून तिथला बर्फ खणला, वितळवला, पाणी गाळले आणि उरलेले कण मोजले. २०२१ साली त्यांनी हिशेब जाहीर केला. पृथ्वीच्या पृष्ठभागापर्यंत पोचणारी ही बारीक धूळ वर्षाला सुमारे ५,२०० टन भरते. त्यातली जवळजवळ ८० टक्के गुरूच्या प्रभावाखाली फिरणाऱ्या धूमकेतूंची आणि उरलेली लघुग्रहांची असावी, असा त्यांचा अंदाज आहे.

हा आकडा आपल्या मापात आणू. संपूर्ण पृथ्वीवर ही धूळ सारखी पसरली असे धरले, तर एका चौरस किलोमीटरला वर्षाकाठी दहा ग्रॅम पडतात. म्हणजे एकराला चाळीस मिलिग्रॅम. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला एक मिलिग्रॅम. पाच एकरांच्या शेतकऱ्याच्या वावरात दरवर्षी चिमूटभरही नाही, पण नक्की काहीतरी पडते, आणि त्यातला मोठा वाटा धूमकेतूंचा असतो. १९८६ चा हॅले किंवा १९९७ चा हेल-बॉप ज्यांनी पाहिला त्यांना धूमकेतू म्हणजे कधीतरी दिसणारी, लांबची गोष्ट वाटते. खरे पाहता आपण धूमकेतूंच्या धुळीतच राहतो.

दगडांची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्या भागात आभाळातून दगड पडल्याच्या नोंदी आहेत. १८३८ च्या जून महिन्यात वऱ्हाडात पडलेले दगड 'चंदकापूर' या नावाने जगाच्या उल्कापाषाणांच्या यादीत आहेत. २२ मे २०१२ रोजी भरदुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असणारे ब्रिजमनाइट नावाचे खनिज या काटोलच्या दगडात सापडल्याचे खरगपूरच्या आयआयटीतील शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवून दिले. हे दोन्ही दगड उल्कापाषाणांच्या एकाच मोठ्या गटातले, लघुग्रहांकडून आलेले. संग्रहालयात ठेवता येतील असे दगड आपल्याला मिळतात ते जवळजवळ सगळे लघुग्रहांकडून. धूमकेतूचा माल येतो तो मुख्यतः धुळीच्या रूपाने. म्हणून धूमकेतू समजून घ्यायचा तर धुळीपाशीच जावे लागते.

या अभ्यासाची सुरुवात समुद्राच्या तळाशी झाली. १८७२ ते १८७६ या काळात ब्रिटनच्या चॅलेंजर जहाजाने जगभरचे समुद्र धुंडाळले. खोल समुद्रातल्या गाळातून चुंबक फिरवताना जॉन मरे यांना काळे, गोल, चकचकीत कण मिळाले. हे कण अवकाशातून आले असावेत, असे त्यांनी ओळखले. समुद्रतळच का, असे कुणी विचारील. जमिनीपासून दूर, पाच किलोमीटर पाण्याखाली गाळ इतका सावकाश साचतो की हजार वर्षांत काही मिलिमीटरच थर चढतो. तिथे वरून पडणारा अवकाशातला कण इतर मातीत हरवत नाही.

हेच काम आपल्या शेजारी गोव्यात झाले, आणि ते मराठी माणसाला माहीत असायला हवे. दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. हिंदी महासागराच्या तळाशी मँगनीजचे गोटे आहेत. ते शोधायला भारताने १९८१ पासून मोहिमा काढल्या. गोट्यांबरोबर तळाचा गाळही वर येत होता. एम. श्याम प्रसाद, एन. जी. रुद्रस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गाळाचे मोल जाणले. गाळ चाळायचा, धुवायचा, चुंबक फिरवायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक कण वेगळा करायचा, तो कापून घासून त्याची पोटातली रचना पाहायची. गेल्या सुमारे पन्नास हजार वर्षांत पृथ्वीवर किती सूक्ष्म उल्का पडल्या, याचा अंदाज त्यांनी २०१३ साली मांडला. लोखंडी कणांच्या पोटात प्लॅटिनमच्या कुळातल्या धातूंचे सूक्ष्म गोळेही त्यांनी दाखवले. सिकंदराच्या, अशोकाच्या, शिवाजी महाराजांच्या काळी जी धूळ महासागरावर पडली, ती या कामामुळे गोव्यातल्या प्रयोगशाळेत कणाकणाने वाचता आली.

हे काम आपल्याकडे, या मातीत, का अवघड जाते? आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातली माती सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या रांगांमधल्या काळ्या पाषाणाची, बेसाल्टची झीज होऊन बनली आहे. बेसाल्टमध्ये चुंबकाला चिकटणारे लोहखनिज भरपूर. इथल्या चंद्रभागेच्या पात्रातल्या कोरड्या वाळूत चुंबक फिरवून पाहा, क्षणात त्याला काळी दाढी फुटेल. ती सगळी इथलीच. त्यात वेल्डिंगच्या दुकानातून उडालेल्या ठिणग्या थंड होऊन झालेल्या गोळ्या मिसळतात, फटाक्यांचे कण मिसळतात. भिंगाखाली त्याही अवकाशातल्या कणांसारख्याच गोल आणि काळ्या दिसतात.

इथे लोणारचे उदाहरण घेण्याजोगे आहे. बेसाल्टमध्ये अवकाशातल्या पाषाणाच्या आघाताने झालेले, १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. आघाताच्या उष्णतेने तिथला बेसाल्ट वितळला आणि त्याचे शिंतोडे उडून मिलिमीटरहूनही लहान गोळ्या झाल्या. त्या गोळ्या अवकाशातून आलेल्या नाहीत. त्यांची मूळ माती लोणारचीच. मात्र काहींमध्ये निकेल, कोबाल्ट, क्रोमियम यांचे प्रमाण स्थानिक दगडापेक्षा जास्त भरते, आणि त्यावरून आदळणाऱ्या पाषाणाचा अंश त्यात मिसळला असल्याचे समजते. गोल आहे म्हणून आभाळातून आला, हा निष्कर्ष किती कच्चा ठरतो ते यावरून दिसते. रूप पाहून मूळ ठरत नाही. त्यासाठी आतली घडण तपासावी लागते.

आता वरून पडताना कणाचे काय होते ते पाहू. अवकाशातला कण वातावरणात शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला अकरा किलोमीटरहून जास्त असतो. मोठा कण तापतो, वितळतो, गोल होतो, आणि वितळताना आपला इतिहास पुसून टाकतो. फार लहान कण मात्र ऐंशी-शंभर किलोमीटर उंचीवरच मंदावतो, उष्णता चटकन बाहेर टाकतो आणि अवकाशात होता तसाच, जवळजवळ धक्का न लागता, हळूहळू खाली तरंगत येतो. म्हणजे जो सर्वांत बारीक, तोच सर्वांत जपलेला.

अमेरिकेतले डोनाल्ड ब्राउनली यांनी हे हेरले. १९७० च्या दशकात त्यांनी यू-२ विमानाच्या पंखाखाली चिकट तेल लावलेल्या पट्ट्या बसवल्या आणि वीस किलोमीटर उंचीवर कण पकडले. त्या उंचीवर जमिनीची धूळ फारशी पोचत नाही. त्या कणांत दोन जाती दिसल्या. एक घट्ट, पाण्याच्या संपर्कात येऊन चिकणमातीची खनिजे झालेली. दुसरी अतिशय भुसभुशीत, सूक्ष्म दाण्यांच्या घोसासारखी, कार्बनने भरलेली आणि पाण्याचा स्पर्शही न झालेली. घट्ट कण लघुग्रहांचे आणि भुसभुशीत कण धूमकेतूंचे, असा अंदाज बांधला गेला. अंदाज वाजवी होता. पण धूमकेतूचा एकही प्रत्यक्ष नमुना कुणाच्या हातात नव्हता.

आपल्या कापूस बाजारातला ग्रेडर बोंडातला कापूस हातात घेतो, तंतू ओढून लांबी पाहतो आणि प्रमाण नमुन्याशी ताडून प्रत सांगतो. प्रमाण नमुनाच नसेल, तर त्याचा शब्द कोण मानील? धूमकेतूच्या धुळीचा प्रमाण नमुना आणायचा, तर धूमकेतूकडे जाणे भाग होते.

७ फेब्रुवारी १९९९ रोजी नासाचे स्टारडस्ट यान निघाले. त्याचे प्रमुख शास्त्रज्ञ ब्राउनलीच होते. त्यांनी निवडलेल्या वाइल्ड-२ या धूमकेतूला १९७४ साली गुरूने आपल्या ओढीने सूर्याजवळच्या कक्षेत आणून सोडले होते, त्यामुळे तो सूर्याच्या उष्णतेत फारसा भाजून निघालेला नव्हता. २ जानेवारी २००४ रोजी यान त्याच्याजवळून सेकंदाला ६.१ किलोमीटर वेगाने गेले. कण अडवायला एरोजेल वापरले होते. हा सिलिकाचा इतका पोकळ पदार्थ आहे की त्यात जवळजवळ सगळी हवाच असते. १५ जानेवारी २००६ रोजी कुपी युटाच्या वाळवंटात उतरली. आलेला माल सगळा मिळून एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी, पण जगभरच्या प्रयोगशाळा त्यावर कामाला लागल्या.

निकालाने सगळे चकित झाले. धूमकेतू म्हणजे सूर्यमालेच्या अतिथंड कडेला, ताऱ्यांमधल्या धुळीपासून बनलेला बर्फाचा गोळा, ही ठरलेली समजूत. त्या धुळीत मात्र हजार अंश सेल्सिअसच्या किती तरी वरच्या तापमानात घडणारी खनिजे सापडली. सूर्याच्या जवळ, उष्ण भागात जन्मलेल्या अशा एका कणाला इंका लोकांच्या सूर्यदेवावरून 'इंती' हे नाव देण्यात आले. याचा अर्थ, सूर्यमाला तयार होत असताना आतली तापलेली सामग्री बाहेर दूरवर वाहून गेली आणि तिथल्या बर्फात मिसळली. ज्या धूमकेतूला आपण फक्त बर्फाचा समजत होतो, त्याच्या पोटात आगीत घडलेले दाणे निघाले.

मग खरी तुलना झाली. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या होप इशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली वाइल्ड-२ ची धूळ आणि ब्राउनलींच्या भुसभुशीत कणांची धूळ शेजारी शेजारी ठेवून पाहिली. भुसभुशीत कणांत दोन खुणा हमखास मिळतात. एक, धातू आणि सल्फाइडचे सूक्ष्म दाणे पोटात असलेले काचेचे कण. दोन, एनस्टॅटाइट खनिजाचे केसासारखे तंतू. वाइल्ड-२ मध्ये यांची ओळख पटली नाही. काचेच्या कणांसारखे जे दिसले, ते धूळ एरोजेलमध्ये शिरताना झालेल्या धडकेतून तयार झाले असावे, हे त्यांनी प्रयोगशाळेत कण एरोजेलवर झाडून दाखवून दिले. वाइल्ड-२ चा माल लघुग्रहांच्या मालाला अधिक जवळचा निघाला.

इथे थांबून विचार करू. या शास्त्रज्ञांनी आपल्या हातातल्या वस्तूवर शंका घेतली. दिसते ते मूळचे आहे की पकडताना झालेले आहे, असा प्रश्न विचारला. तो प्रश्न दुसऱ्या बाजूनेही लागू पडतो. सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने झालेल्या धडकेत अतिबारीक, नाजूक सामग्री नष्ट झाली असेल, तर ती दिसणारच नाही. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. म्हणून इतर साक्षी गोळा करणे भाग पडले.

एक साक्ष आभाळातूनच मिळाली. एप्रिल २००३ मध्ये पृथ्वी ग्रिग-शेलेरप या धूमकेतूच्या धुळीच्या पट्ट्यातून जाणार होती. त्या दिवसांत मुद्दाम विमाने पाठवून कण पकडण्यात आले. त्यांतल्या काही भुसभुशीत कणांत सूर्याच्याही आधीचे, दुसऱ्या ताऱ्यांभोवती जन्मलेले दाणे विलक्षण प्रमाणात मिळाले. मँगनीज आणि सिलिकॉनचे एक नवे खनिजही मिळाले, त्याला ब्राउनलींचेच नाव देण्यात आले. दुसरी साक्ष युरोपच्या रोझेटा यानाची. २०१४ ते २०१६ या काळात ते ६७पी या धूमकेतूच्या सोबतीने फिरले. तिथे कण सेकंदाला काही मीटर इतक्या मंद वेगाने पट्टीवर येऊन बसत होते, मोडतोड कमी होती. कण भुसभुशीत, दाण्यादाण्यांनी रचलेले निघाले आणि त्यांच्या वजनाचा जवळजवळ अर्धा वाटा कार्बनी पदार्थांचा निघाला. तिसरी साक्ष पुन्हा अंटार्क्टिकाच्या बर्फातली. कार्बनने खच्चून भरलेले, जड हायड्रोजनचे प्रमाण फार जास्त असलेले काही कण तिथे सापडल्याचे २०१० साली जाहीर झाले, आणि त्यांचे मूळ सूर्यमालेच्या थंड कडेलाच शोधावे लागते.

लघुग्रहाच्या बाजूचा प्रमाण नमुनाही आता आहे. जपानच्या हायाबुसा-२ ने २०२० च्या डिसेंबरात रयुगू लघुग्रहाची ५.४ ग्रॅम सामग्री आणली. त्यात मुख्यतः सर्पेंटाइन आणि सॅपोनाइट ही चिकणमातीची खनिजे आहेत. सॅपोनाइट हे स्मेक्टाइट कुळातले. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी आपली काळी माती याच स्मेक्टाइट कुळाच्या खनिजांमुळे तशी वागते. पाण्याने दगड दीर्घकाळ भिजला की काय घडते, याचा दाखला पूर्णेच्या खोऱ्यात आहे तसाच रयुगूवरही आहे.

या सगळ्यातून ठरले ते असे. धूमकेतू आणि लघुग्रह ही दोन वेगळी घराणी नसून सूर्य जन्मताना त्याच्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या एकाच तबकडीतून उठलेल्या सामग्रीची दोन टोके आहेत, मधे सलग पट्टा आहे. सर्वांत भुसभुशीत, सर्वांत कार्बनी, पाणी न लागलेले कण धूमकेतूच्या टोकाला. घट्ट, चिकणमातीचे कण लघुग्रहाच्या टोकाला. मधल्या कणांबद्दल बोलताना जीभ आवरावी लागते.

श्रोतेहो, हा आवर आपल्या भाषेत, आपल्या माणसाने पाळून दाखवला, ते सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. कोल्हापुरात जन्मलेले, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राचे संस्थापक संचालक, २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेलेले डॉ. जयंत नारळीकर. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचे मत होते की धूमकेतूंच्या धुळीबरोबर जीवाणूही पृथ्वीवर येत असतील. बहुसंख्य शास्त्रज्ञांना हे पटत नव्हते. नारळीकरांनी ते तपासायचे ठरवले. त्यांच्या पुढाकाराने इस्रोच्या साहाय्याने २००१ आणि २००५ साली हैदराबादहून मोठे फुगे सोडण्यात आले आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून खाली आणली. तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, दोन ठिकाणी झाली. २००९ साली जाहीर झाले की जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला हॉइल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. त्याच निवेदनात इस्रोने स्पष्ट केले की यावरून हे जीव अवकाशातून आल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही.

जी कल्पना गुरूने मांडली, तिची परीक्षा शिष्याने घेतली, दोन प्रयोगशाळांकडून घेतली, आणि निकाल आहे तेवढाच सांगितला. धूमकेतूंच्या धुळीत कार्बनी पदार्थ आहेत, हे आज पक्के आहे. वाइल्ड-२ च्या आणि ६७पी च्या सामग्रीत ग्लायसीन हे अमिनो आम्लही मिळाले आहे. पण जीवाचा कच्चा माल म्हणजे जीव नव्हे. वीटभट्टीवर विटा दिसल्या म्हणून वस्ती झाली, असे कुणी म्हणत नाही.

मग दर्यापूरने यात काय करावे? पुष्कळ करता येईल. नॉर्वेतले जाझ संगीतकार जॉन लार्सन यांनी ओस्लो, पॅरिस, बर्लिन या शहरांतल्या छपरांच्या पन्हाळींतला गाळ गोळा केला. लंडनच्या मॅथ्यू गेंज यांच्या साथीने त्यांनी ३०० किलो गाळातून ५०० सूक्ष्म उल्का वेगळ्या केल्या, आणि ते काम २०१७ साली प्रसिद्ध झाले. शहराच्या धुळीत अवकाशातले कण ओळखता येत नाहीत, हे तोवर पक्के मानले जात होते. आपल्या तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांच्या स्लॅबवर, टिनाच्या छपरांवर ही धूळ साचते आहेच. मृगाच्या आधी पन्हाळीतला गाळ काढावा. धुऊन, वाळवून, बारीक चाळणीने गाळून त्यात चुंबक फिरवावा. भिंगाखाली गोल कण वेचावेत. मग प्रत्येक कणाला प्रश्न विचारावेत. तू बेसाल्टचा की वेल्डिंगचा? लोणारच्या गोळ्यांसारखा की गोव्याच्या गाळातल्यांसारखा? उरतील त्यांचे फोटो आणि नोंदी ठेवून ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे अशा विद्यापीठाच्या हवाली करावेत. शंभरातले नव्याण्णव कण इथलेच निघतील. ते नव्याण्णव प्रामाणिकपणे बाजूला काढणे हेच या कामाचे शिक्षण आहे.

आकाशातल्या गोष्टींबद्दल आपल्याकडे भीतीही फार आणि भक्तीही फार. शेंडेनक्षत्र दिसले की अरिष्ट येणार म्हणणारे आहेत, आणि परदेशातून बातमी आली की ती तशीच पुढे ढकलणारेही आहेत. दोघेही तपासत नाहीत. मला आज एवढेच मागायचे आहे की या गावातल्या मुलामुलींनी तपासणारे व्हावे. आपल्या वावरावर धूमकेतूची धूळ पडते, हे मी सांगतो म्हणून मानू नका. चुंबक आणि भिंग घ्या, नमुना ताडून पाहा, आणि जेवढे सिद्ध होईल तेवढेच ठामपणे सांगा.